बिलं, अहवाल आणि घोषवाक्य: यातलं मशीनला नेमकं काय द्यायचं?

नोंदवही (प्रश्न; खाली उत्तरं देणारे आपापल्या टोपणनावांनी)

दर महिन्याची ठरलेली तीन कामं आहेत आणि तिन्ही मशीनवर टाका असा वरून आग्रह आहे.

एक, मेलवर येणारी साधारण ४०० पीडीएफ बिलं. प्रत्येकातले आठ खाने (पुरवठादार, बिल क्रमांक, तारीख, पीओ म्हणजे खरेदी-आदेशाचा क्रमांक, मूळ रक्कम, कर, एकूण, देय तारीख) शीटमध्ये भरायचे. हाताने एका बिलाला तीन मिनिटं जातात. दोन, त्या शीटवरून खर्चाचा मासिक अहवाल. तक्त्याखाली तीन-चार परिच्छेद भाष्य लागतं, अमुक खर्च का वाढला वगैरे. तीन, अंतर्गत वार्तापत्राची शीर्षकं आणि अधूनमधून एखाद्या मोहिमेचं घोषवाक्य.

सुचवलेली वाटणी अशी: पहिलं यांत्रिक म्हणून मशीनला, तिसरं सर्जनशील म्हणून माणसाला. दुसरा गट नेमकं उलटं बोलतो: भाषेचं मॉडेल (मजकूर लिहिणारं एआय) घोषवाक्यं झकास पाडतं, पण बिलांत चुका करतं. दोघांचंही थोडंथोडं पटतं. रेघ कुठे मारायची? आणि मशीनला 'सुचतं' ते खरंच सुचणं की शिळ्या कढीला ऊत, याने कामात काही फरक पडतो का?

---

ताळेबंद

यांत्रिक विरुद्ध सर्जनशील ही रेघच चुकीच्या जागी आहे. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: चूक झाली तर ती किती लवकर आणि किती कमी कष्टात सापडेल? बिलातली चूक बिलातच पकडता येते, कारण मूळ रक्कम अधिक कर बरोबर एकूण व्हायलाच हवी. भाष्यातली चूक पकडायला पुन्हा तक्ता वाचावा लागतो. घोषवाक्यात तर चूक म्हणजे काय, हेच आधी ठरलेलं नसतं.

आता बिलं. 'अचूकता ९८ टक्के' ऐकून खूश होऊ नका. ते दर खान्यामागे असतं. आठही खाने बरोबर येण्याची शक्यता ०.९८ चा आठवा घात, म्हणजे साधारण ०.८५. चारशेपैकी साठ बिलांत कुठेतरी चूक. दर खान्यामागे ९९.५ टक्के धरले तरी सोळा उरतात. त्यामुळे सगळी मेहनत वाचनावर खर्च करू नका, त्या साठ बिलांना आपोआप बाजूला काढणाऱ्या चाळणीवर करा.

चाळणी अशी लावा. आधी पीडीएफमध्ये मजकुराचा थर आहे की नुसतं चित्र, ते तपासा. थर असेल तर मजकूर थेट उचला, ओसीआर (चित्रातून अक्षरं वाचणं) लावू नका. चित्र असेल तर स्कॅनची स्पष्टता ३०० डीपीआयच्या खाली जाऊ देऊ नका. दशांशचिन्ह सर्वात आधी गळतं आणि १२५०.०० चे १२५००० होतात. मग बेरीज जुळते का, पीओ क्रमांक यादीत आहे का, देय तारीख बिलाच्या तारखेनंतरची आहे का, पुरवठादार ठाऊक आहे का. शेवटी दुबार बिल: पुरवठादार, बिल क्रमांक आणि एकूण रक्कम जोडून एक किल्ली (बिलाची ओळख) बनवा. बिल क्रमांकातली रिकामी जागा, तिरकी रेघ आणि आडवी रेघ काढून मगच तुलना करा, नाहीतर तेच बिल स्मरणपत्रासोबत पुन्हा आलं की नवीन म्हणून आत शिरतं.

यातली एकही तपासणी नापास झाली की बिल अपवादांच्या रांगेत. मॉडेलला 'खात्री किती टक्के' असं विचारून मिळालेल्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. तो आकडाही त्याने लिहिलेला मजकूरच आहे.

हिशोब मांडा. आज ४०० गुणिले ३ मिनिटं, म्हणजे २० तास. नव्या पद्धतीत प्रत्येक बिलावर २० सेकंद नजर (सव्वादोन तास) आणि ६० अपवादांना प्रत्येकी ४ मिनिटं (चार तास). मिळून सव्वासहा तास. हे शून्यावर येणार नाही, आणि येईल असं सांगणाऱ्याला अपवादांचं काय करणार एवढंच विचारा.

नमुना तपासताना एक ठोकताळा: क्ष बिलं तपासून एकही चूक सापडली नाही, तर खरा चुकीचा दर ९५ टक्के खात्रीने ३ भागिले क्ष पेक्षा कमी आहे, एवढंच म्हणता येतं. तीस बिलं बघून 'एकदम ओके' म्हणालात तर दर १० टक्क्यांपर्यंत असू शकतो.

शीटचे जुने सापळे, जे मॉडेलशिवायही घात करतात:

- तारीख. ०३/०४ चा महिना कोणता? दिवस आणि महिना उलट वाचला गेला की १२ पर्यंतचे दिवस गुपचूप दुसऱ्या महिन्यात जातात आणि १३ पासूनचे मजकूर म्हणून तसेच राहतात. अर्धा कॉलम डावीकडे, अर्धा उजवीकडे टेकलेला दिसला तर हेच झालंय.
- एक्सेल आकड्याचे १५ अंकच धरून ठेवतं. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, सुरुवातीची शून्यं उडतात. असे कॉलम आयात करतानाच 'टेक्स्ट' ठरवा. नंतर फॉरमॅट बदलून गेलेला अंक परत येत नाही.
- व्हीलुकअप या शोधसूत्राच्या चौथ्या जागी फॉल्स लिहिलं नाही तर ते जवळपासची जुळणी करतं आणि चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने देतं.
- ट्रिम फक्त साधी रिकामी जागा काढतं. वेबवरून आलेली न तुटणारी जागा (कोड १६०) तशीच राहते. ती सब्स्टिट्यूटने काढावी लागते.
- २.५ पूर्णांकात आणा: एक्सेलचं राउंड ३ देतं, व्हीबीएचं (एक्सेलमधल्या प्रोग्रामिंग भाषेचं) राउंड २ देतं, पायथॉनचंही २. अर्धं काम शीटमध्ये आणि अर्धं स्क्रिप्टमध्ये असेल तर बेरजा किरकोळ फरकाने हलतात आणि तो फरक शोधण्यात दिवस जातो.

'एवढ्याशाने काय होतंय' वाटत असेल तर २०२० चा इंग्लंडमधला प्रकार आठवा. कोविडचे निकाल जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ओतले जात होते. त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात (नव्यात १०,४८,५७६). त्यापुढच्या ओळी गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून सुटले. दोन्ही टोकांना ओळींची संख्या आणि एकूण बेरीज मोजून ताडून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुमच्याकडेही पाठवलेली बिलं, वाचलेली बिलं, भरलेल्या ओळी आणि अपवाद हे चार आकडे रोज छापा. वाचलेल्या बिलांतून अपवाद वजा केले की भरलेल्या ओळींचाच आकडा यायला हवा. बस.

---

वेलांटी

वरच्यात एक भर. बिलं किंवा याद्या मराठीत असतील तर आणखी दोन खड्डे आहेत.

पहिला, जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. पडद्यावर छान देवनागरी दिसतं, कॉपी केलं की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी हातात येते, कारण फॉन्ट युनिकोड नाही. 'मजकुराचा थर आहे' ही तपासणी इथे पास होते आणि कचरा पुढे जातो. उचललेल्या मजकुरात देवनागरी अक्षरांचं प्रमाण किती, ते मोजा. कमी असेल तर त्या पानाला चित्र समजून ओसीआर करा.

दुसरा खड्डा डोळ्याला दिसतच नाही. 'कर्मचाऱ्यांची' मधलं ऱ्य दोन प्रकारे टाइप होतं: ऱ, हलन्त, य, किंवा र, हलन्त, अदृश्य झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह), य. दिसायला जुळे भाऊ, तुलनेत वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) केल्याने र अधिक नुक्ता याचा ऱ होतो, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप तसंच राहतं. त्यासाठी वेगळी बदली लिहावी लागते, आणि ती करताना सगळे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, नाहीतर त्या र चा रफार होऊन 'कर्मचार्यांची' छापून येतं. एकाच पुरवठादाराच्या नावाच्या दोन ओळी झाल्या आणि कारण सापडत नसेल, तर आधी हे बघा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीचा चुरा होत असेल तर फाइल बीओएमसह (सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये साठवा.

आता दुसरं काम, भाष्य. इथे सगळ्यांची चूक एकच असते: अख्खी शीट मॉडेलपुढे टाकून 'विश्लेषण लिही' म्हणणं. आकडेमोड त्याच्याकडून करून घेऊच नका. या महिन्याची रक्कम, मागच्या महिन्याची, फरक, टक्केवारी, सर्वात मोठे पाच बदल, हे सगळं शीटमध्ये किंवा स्क्रिप्टमध्ये काढा. मॉडेलला फक्त तो पंधरा-वीस ओळींचा तयार तक्ता द्या. टेंपरेचर (शब्दनिवड किती मोकळी ठेवायची ती सेटिंग) शून्याच्या आसपास ठेवा. आणि आलेल्या मजकुरावर दोन चाळण्या लावा.

एक, परिच्छेदातला प्रत्येक आकडा उचलून तो तक्त्यात आहे का, हे स्क्रिप्टने तपासा. नसेल तर परिच्छेद परत. देवनागरी आणि रोमन अंक आधी एका रूपात आणायला विसरू नका, स्वल्पविरामही काढा.

दोन, कारणं. 'मुळे', 'परिणामी', 'त्यामुळे', 'कारण', 'याचा अर्थ' हे शब्द शोधून ती वाक्यं पिवळी करा. 'हंगामी मागणीमुळे वाहतूक खर्च वाढला' हे वाक्य इतकं गुळगुळीत येतं की वाचणारा मान डोलावतो. तक्त्यात हंगाम कुठे होता? वाहतूक खर्च वाढला एवढंच तक्त्याला ठाऊक आहे. कारण ज्याला माहीत आहे त्याच्याकडून दोन शब्दांत घ्या ('जुनी थकबाकी', 'दर बदलला'), तक्त्यात 'कारण' नावाचा कॉलम करा, आणि तो रिकामा असेल तर 'कारण नोंदलेलं नाही' असंच लिहायला सांगा. अहवाल दिसायला थोडा उघडा पडतो, पण खरा राहतो.

---

अडीचघर

सुचणं की शिळी कढी, या भागाबद्दल. फरक पडतो, पण लोक समजतात तिथे नाही.

हा वाद यंत्र बनण्याआधीपासूनचा आहे. गणिती एडा लव्हलेसने १८४३ मध्ये बॅबेजच्या कागदावरच राहिलेल्या यांत्रिक संगणकावरच्या, म्हणजे ॲनालिटिकल इंजिनवरच्या टिपांत लिहिलं की, या यंत्राचा स्वतःहून काही नवं उपजवल्याचा दावा नाही, आपण जे सांगू शकतो तेच ते करेल. हे वाक्य सगळे उचलतात. त्याच टिपांत तिने असंही लिहिलंय की, स्वरांमधले संबंध जर नियमांत मांडता आले तर हे यंत्र हव्या तितक्या गुंतागुंतीचं संगीत रचू शकेल. ते कमी लोक उचलतात. संगणकशास्त्रज्ञ ट्युरिंगने १९५० च्या लेखात तिच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर साधं होतं: यंत्रं मला वारंवार चकित करतात.

१९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी इलियाक संगणकाकडून तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करवून घेतली. पद्धत बघण्यासारखी आहे. यंत्र यदृच्छेने स्वर काढायचं आणि मग एकाच वेळी वाजणाऱ्या सुरावटी जुळवण्याच्या (काउंटरपॉइंटच्या) नियमांत न बसणारे फेकून द्यायचं. सगळी अक्कल फेकण्याच्या नियमांत होती.

२०१६ मध्ये गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या अल्फागो प्रोग्रामने अव्वल खेळाडू ली सेडोलविरुद्धच्या दुसऱ्या डावात ३७ वी चाल खेळली. माणूस ही चाल खेळेल याची शक्यता प्रोग्रामच्याच अंदाजाने दहा हजारांत एक होती, आणि बघणाऱ्या जाणकारांना ती आधी चूक वाटली. पण ती टिकली कशी? गो मध्ये शेवटी कोण जिंकलं हे निर्विवाद ठरतं. प्रोग्रामने स्वतःशी असंख्य डाव खेळून त्या निकालावर चाली पारखल्या होत्या. विचित्र चाल सुचणं सोपं, विचित्र पण बरोबर चाल ओळखायला पंच लागतो. (चौथ्या डावात ली सेडोलची ७८ वी चालही तशीच अनपेक्षित निघाली, आणि तो डाव त्यानेच जिंकला.)

घोषवाक्याला असा पंच नाही. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द संभाव्यतेने निवडतं, वर ते लोकांना आवडेलशा उत्तरांकडे झुकवलेलं असतं. म्हणून ते न सांगता मधोमध जातं. टेंपरेचर वाढवलं की विविधता वाढते, पण त्याच्याबरोबर कचराही वाढतो. चांगलं-वाईट ठरवणारी गोष्ट अजूनही बाहेरच राहते.

सर्जनशीलता आणि एआयच्या अभ्यासक मार्गारेट बोडेन यांनी सर्जनशीलतेचे तीन प्रकार केलेत: ओळखीच्या कल्पना अनोळखी तऱ्हेने जोडणं, एका चौकटीत फिरून नव्या जागा शोधणं, आणि चौकटच बदलणं. पहिल्या दोहोंत मशीन आज उत्तम हाताशी येतं. ऑफिसात तिसऱ्याची गरज क्वचित लागते, आणि लागली तर ती बहुधा 'घोषवाक्य कशाला, अर्जाचं एक पान कमी करा' अशा रूपात येते. हे मॉडेलला विचारल्याशिवाय ते सहसा सांगत नाही, कारण तुम्ही घोषवाक्य मागितलेलं असतं.

---

ताळेबंद

अडीचघर, बहुतेक मान्य. फक्त 'पंच बाहेर राहतो' यावरून पहिलं काम निर्बुद्ध आहे असा अर्थ कुणी काढू नये. बिलं शीटमध्ये भरणारा माणूस दिवसात पाच-सहा वेळा काहीतरी ठरवत असतो: ही क्रेडिट नोट (रक्कम वजा करणारी नोंद) आहे की बिल, दोन पीओंचं एकत्र बिल कसं फोडायचं, रक्कम बरोबर असून दर चुकलाय. हे कुठेच लिहिलेलं नसतं. ऑटोमेशन करायच्या आधी दोन आठवडे फक्त हे निर्णय एका वहीत टिपायला सांगा. तीच तुमची खरी नियमावली.

१९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या लायन्स कंपनीने आपल्या चहाघरांच्या मागण्या लिओ या संगणकावर घेतल्या तेव्हा नेहमीचं आणि वेगळं अशी वाटणी केली. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी यंत्रात, आणि व्यवस्थापिकेने फोनवर सांगायचा तो फक्त फरक. नेहमीचं यंत्राने, वेगळं माणसाने.

याची दुसरी बाजू मानसशास्त्रज्ञ लिझेन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच मांडली होती. सोपं काम यंत्राने उचललं की माणसाकडे फक्त अवघड उरतं, आणि सोप्याचा हात गेल्यामुळे अवघडही जमेनासं होतं. म्हणून अपवादांची रांग एकाच माणसाकडे ठेवू नका, आलटून पालटून द्या, आणि महिन्याला वीस बिलं तरी हाताने भरायला लावा. तीच वीस मशीनकडूनही भरून घेतलीत की तुलनाही आपसूक होते.

सुरू करताना दोन महिने जुनी आणि नवी पद्धत समांतर चालवा. स्क्रिप्ट मध्येच मेली आणि पुन्हा चालवली तर तीच ओळ दोनदा पडता कामा नये, तोच मेल दोनदा जाता कामा नये. 'झालं' अशी खूण प्रत्येक बिलावर काम पूर्ण झाल्यावरच करा. मेल पाठवणारी कुठलीही गोष्ट आधी 'फक्त दाखव, पाठवू नको' या अवस्थेत चालवा. आणि पडद्यावरची बटणं दाबणारा रोबो शेवटचा उपाय समजा. बटण जरा सरकलं की तो अडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेजारचं दाबतो.

---

नोंदवही

सगळ्यांचे आभार, पहिल्या दोन कामांचं चित्र स्पष्ट झालं. तिसऱ्यात अडचण ही की वीस शीर्षकं मागितली तर पंधरा 'वाटचाल', 'नवी दिशा', 'एक पाऊल पुढे', 'सक्षम', 'उज्ज्वल' याच शब्दांभोवती फिरतात. पंच नाही म्हणता, मग तो बनवायचा कसा?

---

वेलांटी

तुम्ही आत्ता लिहिलेली ती यादी हाच पंचाचा पहिला नियम आहे. ते पाच शब्द बंद. ही बंदी-यादी फाइलमध्ये ठेवा आणि दर वेळी सूचनेत टाका. पण मॉडेल बंदी कधीकधी मोडतं, म्हणून आलेल्या ओळींवर साधा शब्दशोधही चालवा आणि सापडलेल्या ओळी उडवा. शोध मूळ रूपावर करा. 'दिशा' शोधलंत तर 'दिशेने' सुटतं, म्हणून 'दिश' शोधा. ('दिशाभूल' पण सापडेल. चालतंय.)

दुसरं, 'ऊर्जाबचतीवर घोषवाक्य दे' ऐवजी वस्तू द्या. कोण वाचणार, कुठे उभं राहून, आणि वाचून हाताने काय करणार. 'बैठकीच्या खोलीतून शेवटी निघणाऱ्याने दिवा बंद करावा, पाटी दाराच्या आतल्या बाजूला, कडीजवळ, जास्तीत जास्त सहा शब्द, आज्ञार्थ नको, यमक नको'. यमक मुद्दाम बंद करा. मराठीत क्रियापदांच्या शेवटांमुळे यमक फुकट जुळतं आणि ओळ बालगीतासारखी होते. बंद केल्यावर 'तुम्ही शेवटचे. दिवा?' अशा जातीचं काहीतरी येण्याची निदान शक्यता तयार होते.

तिसरं, एका दमात तीस मागू नका. आधीच्या ओळी समोर असल्या की पुढच्या त्यांच्याच सावलीत वाढतात. सहा वेगवेगळ्या नव्या संभाषणांत पाच-पाच मागा, आणि प्रत्येकात कोन बदला: प्रश्न, आकडा, कडीच्या तोंडचं वाक्य, तक्रार, नुसती नामं, बोलीतला टोमणा. इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलेल्या ओळी लगेच ओळखू येतात: 'चला बदल घडवूया', 'फरक पाडा'. त्या सरळ बंदी-यादीत.

चौथं, निवड दोघांनी एकमेकांशी न बोलता करायची. तिसातून प्रत्येकी तीन. एकही सामाईक नसेल तर सूचना धूसर होती, ओळी नव्हेत. सूचना बदलून पुन्हा. सामाईक निघालेली ओळ मोठ्याने वाचा, मग अवतरणचिन्हांत टाकून नेटवर शोधा. मॉडेलने आधीच वापरात असलेली ओळ जशीच्या तशी दिलेली असू शकते, आणि ते त्यालाही सांगता येत नाही.

नाकारलेल्या ओळी फेकू नका. शीटमध्ये तीन कॉलम: ओळ, तारीख, नाकारण्याचं कारण एका शब्दात ('उपदेश', 'यमक', 'लांब', 'भाषांतर', 'गोड'). कारणांच्या कॉलमवर पिव्होट लावा, म्हणजे कोणतं कारण किती वेळा आलं ते कळेल. जे कारण दहापेक्षा जास्त वेळा आलं ते पुढच्या सूचनेत नियम म्हणून लिहा, आणि त्याखाली त्या कारणाने नाकारलेल्या दोन ओळी 'असं नको' म्हणून उदाहरणादाखल चिकटवा.